लाल दोऱ्याची गदा

तलवार हातात घेतली की माणूस शूर दिसतो, असा माझा समज होता. तो चूक आहे. तलवार हातात घेतलेला माणूस, आता ही कुठे ठेवू, अशा विचारात पडलेला दिसतो. निदान आमच्या आरशात तरी तसंच दिसतं. भाला घेतला तर पडदे लावायला आलेला वाटतो आणि परशू घेतला तर झाडाच्या फांद्या छाटायला. हे सगळं मी स्वतः करून पाहिलेलं आहे, कारण येत्या रविवारी सकाळी मला एका बाईंशी द्वंद्वयुद्ध करायचं होतं, आणि शस्त्र मी निवडायचं होतं.

बाई म्हणजे टाचणीच्या आत्या. टाचणी म्हणजे जिच्याशी माझं लग्न ठरलं होतं ती. तिच्या घरचं नाटकाचे कपडे आणि सामान भाड्याने देण्याचं दुकान आहे, आणि ती दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या अंगावर राजवस्त्र बेतत असते, त्यामुळे तोंडात कायम टाचण्या. टाचण्या धरून ती जितकं स्पष्ट बोलते तितकं मला रिकाम्या तोंडाने जमत नाही. लग्नाला होकारसुद्धा तिने टाचण्या न काढताच दिला होता. आणि त्याच श्वासात, एखाद्या पाहुण्याला बाथरूमची कडी कशी लावायची ते सांगावं तसं सांगितलं, की एक राहिलंच, तुला आत्याशी लढावं लागेल.

"आमच्या घरात जन्माने अर्धं मत मिळतं," ती म्हणाली. "बाहेरून आलेल्याला तेही नाही. आत्याला हरवलं की पूर्ण."

"कसलं मत?"

"कसलंही. पंखा किती जोरात हवा. मुलं कुठल्या शाळेत घालायची. चहा की कॉफी."

"आणि हरलो तर?"

"लग्न होईलच की. फक्त तुला कुणी विचारणार नाही."

आजवर आत्यांना कुणी हरवलंय का, असं मी विचारलं. तिने अजून नाही म्हणून सांगितलं. ती स्वतःही हरली होती, दोन्ही हातांत खंजीर असूनसुद्धा, आणि तेव्हापासून अर्ध्या मतावर दिवस काढत होती.

मी हसण्यावारी नेलं. पण पुढच्याच आठवड्यात त्यांच्या घरी जेवायला गेलो आणि माझे होऊ घातलेले साडूभाऊ पाहिले. टाचणीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दिवसा बँकेची अख्खी शाखा चालवणारा माणूस. जेवण झाल्यावर सासूबाईंनी चहा की कॉफी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी रीत म्हणून साडूभाऊंकडे क्षणभर पाहिलं. "काहीही चालेल," ते म्हणाले. दुसरा माणूस आपलं नाव सांगतो तितक्या सवयीने म्हणाले. मग सगळ्यांनी माना आत्यांकडे वळवल्या. आत्या म्हणाल्या, चहा. साडूभाऊ बरोबर पंख्याखाली बसले होते. पंखा भरधाव होता आणि ते रुमाल गळ्याशी धरून बसले होते. पंखा कमी करा, एवढे तीन शब्द त्या माणसाकडे नव्हते. माझ्या पाठीतून काहीतरी थंड सरकत गेलं, आणि ते पंख्यामुळे नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं. आत्यांना हरवायचं. नाहीतर उरलेलं आयुष्य 'काहीही चालेल'.

आता माझ्या लढाऊ पार्श्वभूमीविषयी. मी मिक्सर बनवणाऱ्या कंपनीत वॉरंटी विभागात आहे. लोक मोडलेले मिक्सर घेऊन येतात, आणि तो त्यांच्याच चुकीने मोडला हे मी त्यांना नम्रपणे पटवून देतो. या कामाला शौर्य लागत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी चालू मिक्सरचं झाकण उडून जिचं स्वयंपाकघर हिरवं झालं आहे अशा बाईसमोर एकदा उभं राहून पाहावं. फक्त त्या शौर्यात हातात काही धरावं लागत नाही, एवढाच फरक.

शस्त्र त्यांच्याच गोदामातून निवडायचं होतं. ते आधी बघून यावं म्हणून टाचणी मला एकदा मागच्या दाराने घेऊन गेली, आणि आत पाऊल टाकताच माझा आवाज आपोआप खाली आला. पिंपांमध्ये छत्र्या उभ्या कराव्यात तशा तलवारी उभ्या होत्या. ढाली जेवणावळीच्या ताटांसारख्या एकावर एक. छताच्या आकड्यांना गदा लटकत होत्या, जणू वेलाला भोपळे धरले होते. भाल्यांचं तर रानच होतं. एका कोपऱ्यात सिंहासनं एकमेकांच्या मांडीवर बसली होती. सगळीकडे सरस, वॉर्निश आणि जुन्या मखमलीचा वास. पत्रा, लाकूड, कागदाचा लगदा आणि चंदेरी वर्ख, यापलीकडे तिथे काही नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी इतक्या लढाया एका खोलीत दाटीवाटीने गप्प उभ्या आहेत, हे पाहून छाती दडपली.

आणि या सगळ्याच्या मध्ये, उंच स्टुलावर, आत्या. बाई एवढ्याशा. चष्मा दोरीने गळ्यात, अंबाड्यात रंगाचा ब्रश खोचलेला. एका खंजिराला वर्ख चिकटवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "शर्टाचं तिसरं बटण लोंबतंय."

मी मान खाली घालून बघेपर्यंत त्या स्टुलावरून उतरल्या होत्या. पिंपातून त्यांनी एक तलवार काढली, डब्यातून चमचा काढावा तशी. मला फक्त वारा लागला. बटण माझ्या तळहातावर पडलं.

"टाचणीला दे, लावून देईल," असं म्हणून त्या पुन्हा वर्खाकडे वळल्या.

पत्र्याच्या तलवारीला धार नसते. मी नंतर बोट फिरवून पाहिलं. त्या तलवारीने लोणीसुद्धा कापलं गेलं नसतं. मी ते बटण आजतागायत शर्टाला लावलेलं नाही. ते पाकिटात असतं.

आत्यांनी नियम सांगितले. ज्याच्या शस्त्राचा स्पर्श समोरच्याच्या खांद्याला आधी होईल तो जिंकला. शस्त्र शनिवारी निवडायचं. घरातल्या कुणीही सल्ला द्यायचा नाही. हे सांगता सांगता "आणि एकदा निवडलं की मग –" इथवर त्या आल्या, आणि तेवढ्यात कुठल्याशा नाटकाला गेलेला मुकुट परत आला. आत्या वाक्य तसंच हवेत सोडून तिकडे गेल्या. अंगठ्याने मुकुट दाबून पाहिला, कडेवरून नख फिरवलं, कानाशी धरून हलवला. एक मणी सैल होता, तो बसवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "– बदलायचं नाही." मधल्या वेळात मी एक कप चहा पिऊन संपवला होता.

घरातल्यांना सल्ल्याची बंदी होती. आमच्या इमारतीला नव्हती.

वरच्या मजल्यावर मापकाका राहतात. निवृत्त शास्त्रशिक्षक. त्यांच्या खिशात मोजपट्टी असते, आणि कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय तिच्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांनी प्रश्न मुळापासून घेतला. द्वंद्व म्हणजे शेवटी अंतर, आणि अंतर म्हणजे भाला. माझा हात, अधिक भाला, वजा बाईंची उंची, असं एक गणित त्यांनी जिन्याच्या भिंतीवर खडूने मांडलं आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. सरावासाठी आम्ही पडद्याचा दांडा घेतला. पहिल्याच फेकीत तो कठड्यावर वाळत घातलेल्या गादीतून आरपार गेला आणि सगळ्या जिन्यात कापूस उडाला. गादीच्या मालकीणबाई धावत बाहेर आल्या. कारण कळल्यावर मात्र त्या एकदम गंभीर झाल्या आणि गादी बाजूला ठेवून पायरीवर बसल्या. म्हणाल्या, ढाल घे. आमच्या ह्यांनी लग्नात पहिल्या दिवशीच ढाल घेतली असती तर आज त्यांची तब्येत बरी असती. आतून ह्यांचा खोकला ऐकू आला, तो त्यांनी पुरावा म्हणून बोट करून दाखवला.

त्या दिवसापासून जिन्यात भेटेल तो शस्त्रतज्ज्ञ. कुणी परशूचा पक्ष घेतला, कुणी साखळदंडाचा. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचं कुठल्याच शस्त्राविषयी विशेष मत नव्हतं, पण ते मला बघून फार प्रेमळ हसायचे.

घरी आईचं म्हणणं, जे घेशील ते हलकं घे, दुपारनंतर तुझे खांदे दुखतात. आणि सोबत शाल ने. बाबा वर्तमानपत्रामागे होते. बाबा वर्तमानपत्रामागूनच बोलतात, त्यामुळे त्यांचं म्हणणं नेहमी छापून आल्यासारखं वाटतं. "शस्त्र असं घ्यावं," पानामागून आवाज आला, "की हरल्यावर त्याला दोष देता येईल." इतक्या सल्ल्यांत अनुभवाचा असा हा एकच होता.

मग मापकाकांनी कायदा काढला. शस्त्र घेऊन चारचौघांत लढायचं तर परवानगी लागते, नाहीतर हवालात. मी मुकाट्याने चौकीवर गेलो. तिथले हवालदार अतिशय सभ्य गृहस्थ होते. मी सांगितलेलं सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. फक्त "कुणाशी?" असं एकदा विचारलं. होणाऱ्या बायकोच्या आत्यांशी, असं मी सांगितल्यावर त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"असं आहे," ते म्हणाले, "माझ्याकडे मिरवणुकीची परवानगी आहे, मांडवाची आहे, ध्वनिक्षेपकाची आहे. द्वंद्वाची नाही."

मिरवणुकीला दोन माणसं पुरत नाहीत आणि मांडवाला आधी खड्डे दाखवावे लागतात, असा सगळा साधकबाधक विचार करून त्यांनी मला ध्वनिक्षेपकाची परवानगी दिली. आवाज मर्यादेत ठेवा म्हणाले, आणि तो मर्यादेत आहे की नाही ते बघायला मी स्वतः येईन. मी शिक्का मारलेला कागद घेऊन बाहेर पडलो. जगातला बहुधा पहिलाच योद्धा असेन, ज्याला फक्त मोठ्याने बोलण्याची मुभा होती.

शुक्रवारी साडूभाऊंचा निरोप आला. बँकेमागच्या हॉटेलात भेटा, एकटे या. ते कोपऱ्यातल्या टेबलाशी दाराकडे पाठ करून बसले होते. वेटरने चहा की कॉफी विचारलं. साडूभाऊ म्हणाले, काहीही चालेल. वेटर अनुभवी असावा. त्याने दोन्ही एकाच कपात आणलं आणि साडूभाऊंनी ते प्यायला सुरुवात केली.

त्यांची हकीगत अशी. त्यांच्या वेळेला त्यांनाही गोदामात उभं करून आत्यांनी विचारलं होतं, काय घेणार. नवा जावई, नम्रपणा दिसावा म्हणून ते म्हणाले, काहीही चालेल. आत्यांनी त्यांना बासरी दिली.

"मग?"

"मग काय. मला वाटलं, आधी वाजवायची असेल. तोंडाला लावली, तेवढ्यात संपलं."

त्यांनी कप खाली ठेवला, इकडेतिकडे पाहिलं, टेबलावर पुढे वाकले आणि म्हणाले, "काहीही घ्या. पण तुम्ही घ्या." एवढं बोलून ते स्वतःच दचकले. आपल्याकडे अजून एक मत शिल्लक होतं हे त्यांना माहीत नसावं. बिल देऊन ते जवळजवळ पळतच बँकेत गेले.

शनिवारी गोदामात सगळं घर ओळीने उभं होतं. सासरे, सासूबाई, थोरली, साडूभाऊ. टाचणीने चुकून काही बोलू नये म्हणून तोंडात नेहमीपेक्षा जास्त टाचण्या घेतल्या होत्या. आत्या स्टुलावर.

मी मापकाकांसाठी भाला उचलून पाहिला, गादीवाल्या बाईंसाठी ढाल, आईसाठी सगळ्यांत हलकी तलवार. प्रत्येक वेळी समोरच्या आरशात कुणीतरी काहीतरी दुरुस्त करायला आलेला माणूस दिसला. मग माझं लक्ष भिंतीकडे गेलं. बाकीच्या गदा छताला घोळक्याने लटकत होत्या. ही एक मात्र वेगळ्या खुंटीवर, एकटी होती. सोनेरी. गोल पोटावर कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या. आणि मानेला लाल दोरा बांधलेला. दुसऱ्या कुठल्याही शस्त्राला दोरा नव्हता. मी ताडलं, हा मानाचा दोरा. या गदेने काहीतरी जिंकलेलं असणार. मी ती उचलली. वजन असं होतं की हात आपणहून खांद्यापर्यंत गेला. आरशात पाहिलं, आणि खोटं सांगत नाही, पहिल्यांदाच मी कुठल्या कामाला आलोय असं वाटलं नाही. मी नुसता आलेलो होतो.

सासऱ्यांना खोकल्याची उबळ आली. साडूभाऊ छताकडे बघू लागले. टाचणीच्या तोंडातून एक टाचणी खाली पडली. तिच्या तोंडातून टाचणी पडलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. माझ्या रुबाबाचा एवढा परिणाम होईल असं मलाही वाटलं नव्हतं.

आत्या चष्म्यावरून कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. "हीच?"

"हीच."

"कुणी सांगितली?"

"कुणी नाही. मला आवडली."

"आवडली," आत्या म्हणाल्या, तो शब्द पुष्कळ दिवसांनी ऐकल्यासारखा. "बरं."

रविवारी सकाळी दुकानाच्या गच्चीवर आमची अर्धी इमारत आली होती. मापकाका मोजपट्टी घेऊन, गादीवाल्या बाई ह्यांना घेऊन, आई शाल घेऊन, बाबा वर्तमानपत्र घेऊन. सुरुवात होणार इतक्यात जिन्यातून हवालदार वर आले. सासऱ्यांनी सवयीने पुढे होऊन त्यांच्या बाहीची शिवण उलटी करून पाहिली आणि आम्हाला म्हणाले, "आपला नाही हा. आपल्याकडच्याची शिलाई बरी असते." हवालदारांनी ते मनावर घेतलं नाही. ते ध्वनिक्षेपक शोधत होते. परवानगी घ्यायची आणि ध्वनिक्षेपक लावायचा नाही, हे त्यांना कुठल्याच नियमात बसवता येईना. मर्यादा कशाची तपासायची? शेवटी टाचणी गोदामात गेली आणि पुठ्ठ्याचा एक भलामोठा कर्णा घेऊन आली, कुठल्यातरी नाटकातल्या सभेचा. तो कठड्यावर ठेवला. हवालदारांनी त्याला कान लावला, समाधानाने मान डोलावली आणि आवाज मर्यादेत असल्याचं जाहीर केलं. गणवेशातला माणूस आयता मिळाला म्हणून सगळ्यांनी त्यांनाच पंच केलं.

आत्या आल्या. पदर खोचलेला, हातात साधी लाकडी तलवार. तिला वर्खसुद्धा नव्हता. त्यांनी मला एकदा आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "नाश्ता केलास ना?" मी हो म्हणालो. हवालदारांनी शिट्टी वाजवली.

त्यापुढचं मी लढलो असं म्हणवत नाही. मी ते पाहिलं, आणि जागा फार चांगली होती. आत्या समोर होत्या, मग नव्हत्या. डावीकडून दोन बटणं गेली. लाकडाच्या टोकाने माझ्या खिशातलं पेन वर उडालं आणि हवालदारांनी ते झेललं. माझी गदा जिथे जाई तिथून आत्या नुकत्याच निघून गेलेल्या असत. गादीवाल्या बाईंच्या ह्यांचा खोकला थांबला होता. मापकाकांच्या हातातली मोजपट्टी सुटून घरंगळत गेली तरी त्यांना कळलं नाही. आणि मी, ज्याला हरवण्यासाठी हे सगळं चाललं होतं तो मी, मध्येच स्वतःशी म्हणत होतो, वा. हरणं इतकं सुंदर असेल तर साडूभाऊंनी बासरीतून मान वर करून ते निदान बघायला तरी हवं होतं.

एक गोष्ट मात्र माझ्या कानाने टिपली. मिक्सरच्या नुसत्या आवाजावरून त्याचं काय गेलंय ते मला कळतं. आत्यांच्या डाव्या गुडघ्याचं बेअरिंग गेलं होतं. प्रत्येक वळणानंतर त्या अगदी निमिषभर कठड्याला हात टेकत होत्या, कुणाला दिसणार नाही असा. आणि इतकं सगळं करूनही माझ्या खांद्याला त्यांनी अजून स्पर्श केला नव्हता. मला वाटलं, जमलेल्या लोकांसाठी शोभा वाढवताहेत.

मग मी डोळे मिटले आणि सगळ्या ताकदीने गदा फिरवली.

फटकन आवाज झाला. हात एकदम हलका झाला. डोळे उघडले तर माझ्या हातात नुसता दांडा होता. गदेचं सोनेरी डोकं गच्चीवर गडगडत जाऊन पाण्याच्या टाकीवर आपटलं आणि त्याच्या दोन पाकळ्या गळून पडल्या.

यानंतर एकाच वेळी दोन गोष्टी घडल्या. आत्यांनी तलवार काखेत मारली, टाकीपाशी गेल्या, वाकून ते डोकं उचललं आणि अंगठ्याने दाबून पाहू लागल्या. द्वंद्व वगैरे संपलंच त्यांच्यापुरतं. तुटलेली वस्तू समोर होती. आणि मी? तोल सांभाळून हल्ला करायचा सोडून मी त्यांच्या मागोमाग गेलो आणि बोलू लागलो. नोकरीत रोज मी दुसऱ्या बाजूला उभा असतो. मोडलेली वस्तू माझ्या हातात असण्याची ही पहिलीच वेळ, आणि दोष माझा नाही हे सिद्ध करणं मला विजयाहून जास्त निकडीचं वाटलं.

"आत्या, हे बघा," मी म्हणालो, "ही वापरणाऱ्याची चूक नाही. इथे आतला खिळा आधीपासूनच सैल आहे. सरस कधीचा सुकलाय. हा जोडच मुळात –" आणि जोड नेमका कुठे ते दाखवायला म्हणून मी दांडा त्यांच्या खांद्यावरून पुढे केला.

तो खांद्याला लागला.

हवालदारांनी शिट्टी वाजवली. मापकाका धावत आले आणि दांडा आणि खांदा यांच्यात अंतर शून्य असल्याची त्यांनी खात्री करून घेतली.

आत्यांनी हातातलं डोकं खाली ठेवलं नाही. "लाल दोरा दिसला नव्हता तुला?"

"दिसला होता. मला वाटलं, मानाचा आहे."

"दुरुस्तीचा असतो. मीच बांधलाय."

आधी टाचणी हसली, तेही तोंडातल्या टाचण्या हातात काढून घेऊन, मग सगळी गच्ची. साडूभाऊ सगळ्यांत मोठ्याने हसले आणि मग, हसायची परवानगी आहे का, ते आजूबाजूला बघू लागले. बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. ज्या शस्त्राला दोष द्यायचा त्याचेच आभार मानायची वेळ आली होती आणि या बाबतीत त्यांच्याकडे छापील काही नव्हतं.

मला मात्र ते पटेना. माझंही काही स्वाभिमान नावाचं आहे. मी म्हणालो, आत्या, हे धरू नका, तुम्ही बघत नव्हतात. परत खेळू.

"पंचांनी दिलंय," आत्या म्हणाल्या. त्यांनी लाकडी तलवार माझ्या हातात ठेवली. घडीची एक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली होती, ती उघडून त्या बसल्या. त्यांना स्टुलाशिवाय दुसऱ्या कशावर बसलेलं त्या घरातल्या कुणीही पाहिलं नसावं, कारण सासरे एकदम सरळ उभे राहिले.

"ताई," ते म्हणाले, "पुढच्या खोलीला रंग कुठला द्यायचा ते आज सांगणार होतीस."

आत्यांनी माझ्याकडे बोट केलं. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. लगेच थोरलीने विचारलं, मुलीचे डोळे तपासायचे ते जवळच्या डॉक्टरांकडे की लांबच्या. सासूबाईंना जिन्यातल्या दिव्याचं विचारायचं होतं. दुकानाचा पत्रा, उन्हाळ्यातली सुट्टी, कुणाला तरी आलेलं स्थळ. एकेक प्रश्न येऊन माझ्यापुढे रांगेत उभा राहायला लागला. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात गदेचा दांडा, आणि कुठल्याच प्रश्नावर मारता येत नाही. अर्ध्या अर्ध्या मतांची इतकी माणसं, आणि ती सगळी मतं पूर्ण करणारी एकटी ही एवढीशी बाई, तुटका गुडघा घेऊन. मी आत्यांकडे पाहिलं. बटण कापलं तेव्हा वाटला नव्हता एवढा दरारा मला त्या खुर्चीकडे बघून वाटला.

तेवढ्यात टाचणी ट्रे घेऊन आली. सवयीने ती आधी आत्यांसमोर थांबली.

"आत्या, चहा की कॉफी?"

आत्यांनी पाय लांब केले. अंबाड्यातला ब्रश काढून मांडीवर ठेवला. डोळे मिटले. चेहऱ्यावरची एकेक रेष सैल होत गेली.

"काहीही चालेल," त्या म्हणाल्या.

साडूभाऊ इतकी वर्षं हेच दोन शब्द म्हणत आले होते, पण ते असे म्हणता येतात हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते तोंड उघडं टाकून बघत होते. आपण इतके दिवस कुणाचा तरी खजिना पायपुसणं म्हणून वापरला, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

टाचणी माझ्यासमोर आली. ट्रे सावरत, रिकाम्या तोंडाने तिने विचारलं, "आणि तुला?"

मी तलवार आणि दांडा दोन्ही खाली ठेवले. आयुष्यातलं पहिलं पूर्ण मत होतं. ते जरा जपूनच दिलं.

"आधी साडूभाऊंना विचार."

टाचणी त्यांच्याकडे वळली. साडूभाऊंनी थोरलीकडे पाहिलं, मग आत्यांकडे. आत्यांचे डोळे मिटलेले होते. साडूभाऊंनी एकदा घसा खाकरला, थांबले, गळ्याशी धरलेला रुमाल काढून खिशात ठेवला. हवालदारांनी पुठ्ठ्याचा कर्णा अदबीने त्यांच्याकडे वळवला.

"कॉफी," साडूभाऊ म्हणाले. आणि मग, आवाज मर्यादेत ठेवून, "साखर कमी."